मागचा जिना

वर्गांत शिस्त राखण्याविषयीं माझा लौकिक होता, व त्याचा मला अभिमानहि वाटे. पूर्वीच्या माझ्या शाळेंत सातवींतला एक मुलगा मधल्या सुट्टींत वर्गाबाहेर पडत नसे. तो अभ्यासू आहे असें समजून मीं चारचौघांत त्याची स्तुति केली!

पुढें तेथें एक समाजसेविका येऊं लागल्या. त्यांनीं कोणासहि दटावलें नाहीं. मुलांकडून शाळेचा नकाशा काढविला आणि जेथें भीति वाटते तेथें खूण करावयास सांगितलें. बहुतेक खुणा मागच्या जिन्यावर पडल्या. थोरलीं मुलें तेथें धाकट्यांचे डबे हिसकावीत व त्यांस मारीत. त्या जिन्यानें मी रोज जात असें, पण घंटा झाल्यावर.

त्या थोरल्यांच्या म्होरक्याच्या घरींहि बाई गेल्या. १९०६ च्या सुमारास न्यू यॉर्क, बोस्टन येथें शिक्षक असेच मुलांच्या घरीं जाऊं लागले, आणि त्यांतूनच शालेय समाजकार्य उदयास आलें. आपल्या देशांत ही विद्या शिकविणारी पहिली संस्था १९३६ सालीं मुंबईस निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट मिशनरीच होते. म्होरक्याच्या घरीं बाईंना भिंतीवर टांगलेला पट्टा दिसला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील छडीस मनाई केली; पालकहो, त्या कायद्याचा हात घरच्या पट्ट्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

नकाशे पाहिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टींत मी चहाचा पेला घेऊन त्या जिन्यावर उभा राहूं लागलों. तो सातवींतला मुलगा दारांतून मजकडे पाही. पण पहिले चार दिवस तो कांहीं खालीं उतरला नाहीं.