नागमोडी रेघ

पाठचिकित्सा शिकवताना एक प्रश्न वारंवार येतो : समोरच्या पोथीतला दोष कुणाचा? कर्त्याचा, लेखनिकाचा, की काळाचा? वर्गात या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो. पण त्याची निकड मला जाणवली ती घरातल्या एका व्हिडिओ कॅसेटमुळे.

मे १९९३ मध्ये चिपळूणच्या आमच्या घरी आत्याचे लग्न झाले. आखातातून सुट्टीवर आलेल्या धाकट्या काकांनी नवाकोरा कॅमकॉर्डर आणला होता. त्यात तळहाताएवढी, तीस मिनिटांची व्हीएचएस-सी कॅसेट बसे. अडॅप्टरमध्ये घातली की ती घरच्या व्हीसीआरवरही चाले. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात ती सापडली. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ सालीच उत्पादन थांबवले आहे. म्हणजे फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. म्हणून गेल्या वर्षी मी तिचे डिजिटल रूपांतर करायला बसलो.

पहिला प्रयत्न निराशाजनक ठरला. चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकत होता, मांडवाचे खांब थरथरत होते, मधूनच सारे नाहीसे होऊन नुसता निळा पडदा येत होता. पुढे पुढे तर मंगलाष्टकांचा आवाज आणि भटजींचे ओठ यांची फारकत झाली. ‘कॅसेट गेली’ असा निकाल मी देऊन टाकला.

हा निकाल घाईचा होता. कोकणातला पावसाळा लक्षात घेऊन मी आधी फितीवर बुरशीची पांढरी भुकटी आहे का ते पाहिले, नव्हती. मग माळ्यावरचा जुना, नळीचा टीव्ही काढून व्हीसीआर थेट त्याला जोडला. चित्र थोडे हलत होते, पण तुटत नव्हते. निळा पडदा एकदाही आला नाही. मूळ प्रतीत नसलेला दोष नक्कल करणाऱ्याने घातला होता!

कारण समजून घेतले ते असे. पाल पद्धतीत चित्राच्या एका चौकटीत ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला २५ चौकटी येतात. प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘इथून सुरुवात’ असे सांगणारी खूण असते. जुन्या फितीवरून वाचताना या खुणा किंचित पुढेमागे होतात. नळीचा टीव्ही एवढे सांभाळून घेतो. संगणकाला जोडलेले स्वस्त कॅप्चर उपकरण मात्र करड्या लेखनिकासारखे : खूण वेळेवर आली नाही की ते चौकटच गाळते. गाळलेल्या चौकटी साचत जातात, आवाज आपल्या गतीने पुढे जातो आणि दोघांचा मेळ सुटतो. खुणा पुन्हा ओळीत लावणाऱ्या यंत्राला टाइम बेस करेक्टर म्हणतात. ते महाग असते; पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले तरी बरेचसे तेच काम करतात. एका स्नेह्याकडे तसा एक निघाला. व्हीसीआरची हेडे साफ केली, फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हे पथ्य पाळले. खांब स्थिर झाले, निळा पडदा गेला, मंगलाष्टके ओठांवर परत आली.

एक जागा मात्र सुधारेना. तिथे चित्रावर पांढऱ्या आडव्या रेघांचा पाऊस पडतो. दुसरा व्हीसीआर आणला. तोच पाऊस, त्याच जागी. म्हणजे हा दोष फितीचाच.

ती जागा आजीची आहे. विधवा म्हणून लेकीच्या लग्नात ती मांडवात आली नव्हती. मागील दारी नारळ खवत बसली होती. काका कॅमेरा घेऊन तिथे गेले. तिने मान वर केली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “अरे, तिला घे. माझं काय घेतोस?” पुढच्याच वर्षी ती गेली. तिचे हलते चित्र एवढेच.

वडील ती कॅसेट लावत आणि तिने मान वर केली की पॉजचे बटण दाबत, हे मला आठवत होते. पॉजमध्ये फीत थांबते, पण हेडे बसवलेला ड्रम थांबत नाही. तो सेकंदाला २५ फेरे घेत त्याच जागेवर घासत राहतो. जिथे वडील सर्वाधिक थांबले, तिथेच फीत झिजली. आवाज मात्र शाबूत आहे, कारण व्हीएचएसमध्ये साधा आवाज फितीच्या कडेला, वेगळ्या पट्टीवर असतो आणि फिरत्या ड्रमची हेडे तो वाचत नाहीत.

संगणकाला सांगितले तर तो आजूबाजूच्या चौकटींवरून या रेघा भरून काढतो. मी करून पाहिले. चेहरा स्वच्छ झाला. पण तो आजीचा होता की संगणकाच्या अंदाजाचा, हे मला सांगता येईना.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकांना खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ आहे. विद्यार्थ्यांना ती दाखवताना मी तिला संपादकाचा प्रामाणिकपणा म्हणत असे. इथे ती रेघ मला काढावी लागली नाही. वडिलांनी आधीच काढून ठेवली होती. यंत्राने घातलेले दोष मी काढले. हा एक ठेवला आहे.

आत्याला जी प्रत पाठवली, तीही रेघांसकटच. तिचा फोन आला, तेव्हा ती चित्राबद्दल काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, “आई तेव्हा मागच्या दारी होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे.”