बुधवारच्या गोधड्या



आमच्या दिंडीच्या मालट्रकमध्ये अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन वळकट्या असतात. सामान उतरवणारी पोरं दर मुक्कामाला विचारतात, "आजी, यातली तुमची कोणती?" मी दर मुक्कामाला सांगते, "कोणतीही टाक." पोरांना ती थट्टा वाटते. त्यामागची गोष्ट लिहायला इतके दिवस संकोच वाटत होता, कारण तीत चूक माझी आहे.

२०२१ च्या ऑगस्टच्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना एकाच रात्री पूर आला. कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, बाजारपेठेत पाणी शिरलं, किती जणांची गुरं दावणीसकट गेली. माझं घर उंचावर, ते वाचलं. आक्काचं नदीकडच्या वस्तीत. आक्का म्हणजे माझी मैत्रीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ उपसला, तेव्हा खाली तिची लाकडी पेटी सापडली. आत तिच्या आईची आणि सासूची लुगडी, नवऱ्याची दोन धोतरं. नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते कापड आम्ही चार-चार वेळा धुतलं, पण गाळाची पिवळट झाक काही निघाली नाही. नेसण्याजोगं राहिलं नाही आणि टाकवत तर नव्हतंच.

त्याआधीची दोन वर्षं, २०२० आणि २०२१, पायी वारी झाली नव्हती. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आपण घरात बसून टीव्हीवर पाहिल्या. आक्का म्हणाली, पुढच्या वर्षी वारी निघणारच, आणि आपण दोघी नव्या गोधड्या घेऊन निघायचं. दोन्ही अगदी सारख्या हव्यात. प्रत्येक कापड फाडून निम्मं तुझ्या गोधडीत, निम्मं माझ्या. मी माझ्याकडून माझ्या आईचं एक लुगडं आणि शाळेत नेसायची ती दोन सुती पातळं काढली. मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, हे इथे सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे.

बुधवार हा पांडुरंगाचा वार, म्हणून तोच ठरला. कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही बसायला लागलो. दुपारी भांडी आवरली की आक्का यायची. माझ्या ओसरीवर सतरंजी, तिच्यावर कापडाचे पदर. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे होतात, वर तीन फूट उरतं ते ठिगळांना. दोन तुकडे या गोधडीला, दोन त्या गोधडीला. सुती कापड जुनं झालं की एकमेकाला धरून बसतं. नायलॉनच्या साड्या घातल्या की पदर आतल्या आत सरकतात आणि धुतल्यावर गोधडीला पोट सुटतं. हल्ली प्रदर्शनातून रंगीत गोधड्या महाग विकतात. आक्कानं एकदा तसलीचं टोक चिमटीत धरलं, चोळलं आणि गुपचूप खाली ठेवलं.

पाच पदर एकावर एक अंथरायचे, सुरकुती हातानं बाहेर काढायची, कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या जे हाताशी येईल ते ठेवायचं. मग मोठे कच्चे टाके घालून पदर धरून ठेवायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करून चारही बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. एक गोधडी अंथरली की ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या. पुढच्या बुधवारी दुसरी गोधडी. म्हणजे दोन्हींत दोघींचा हात. सुरुवातीला हरिपाठ, मग जे तोंडाला येईल ते. सुनांच्या तक्रारीही झाल्या, खोटं कशाला सांगू.

आक्का शिंप्याची लेक. नामदेवरायांचं कूळ, असं ती अभिमानानं सांगायची, आणि पुढे लगेच म्हणायची की त्यांचं लक्ष शिवण्यात कुठे होतं. तिचं मात्र होतं. तिचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, वर दिसेल तेवढाच खाली. मला तिनंच शिकवलं. माझे पहिले टाके पाहून ती हसली नाही. "हात बसंल," एवढंच म्हणाली.

माघ उलटला तसं मला दिसायला लागलं की तिच्या बाजूचे टाके लांबताहेत. आधी दीड दाणा, मग बोटाच्या पेराएवढे, आणि ओळ कधी वर, कधी खाली. सुईत दोरा ओवायला ती मला सांगू लागली. तिला साखरेचा आजार होताच, आता डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं जपू, गेलेलं परत येईल असं नाही. हे तिनं मला असं सांगितलं, जणू बाजारात वांगी महाग झाली आहेत.

आणि मी काय केलं? बुधवारी ती घरी गेली, की रात्री दिवा लावून मी तिच्या ओळी उसवत असे आणि तिथे माझे बारीक टाके घालत असे. चार बुधवार हे केलं. स्वतःला सांगत होते की तिला वाईट वाटू नये म्हणून करते आहे. पण खरं सांगायचं तर मला त्या वाकड्या ओळी बघवत नव्हत्या. दोन गोधड्या सारख्या दिसायला हव्यात, दिंडीत बायकांनी हातात घेऊन पाहाव्यात, हे माझ्या डोक्यात होतं. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाई ओतली, ती सवय सुईतही उतरली.

पाचव्या बुधवारी ती बसली, आणि शिवायच्या आधी नेहमी फिरवायची तसा तिनं गोधडीवर तळहात फिरवला. हात थांबला. पुन्हा मागे नेला. मग म्हणाली, "हाऊ टाका मना नही शे."

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "डोयाले कमी दिसस, पन हाताले दिसस ना." सुई चिंधीत खोवली, चिंधी कमरेला लावली आणि भिंत धरत पायऱ्या उतरली.

दोन बुधवार ती आली नाही. पहिल्या बुधवारी मला रागच आला. म्हटलं, रात्र रात्र डोळे मी फोडले, आणि रुसते ही! संध्याकाळी देवळात हरिपाठाला ती दुसऱ्या बाजूच्या खांबाला टेकून बसली होती. आमच्याकडे एक म्हातारेबुवा आहेत, त्यांचा टाळ नेहमी अर्धी मात्रा मागे पडतो. त्या दिवशीही पडत होता. कोणी त्यांच्या हातातून टाळ काढून घेत नव्हतं. उलट शेजारचा माणूस जरा सरकून त्यांना जागा देत होता. ते पाहताना माझं हरिपाठातलं लक्ष उडालं. घरी आले आणि जेवण गेलं नाही.

तिसऱ्या बुधवारी दोन्ही गोधड्या डोक्यावर घेऊन मीच तिच्या घरी गेले. पुराची खूण तिच्या भिंतीवर अजून होती, चुना लावूनही वर आलेली. मी म्हटलं, आक्का, चुकले. ती काही बोलली नाही. सुनेला म्हणाली, चहा टाक. मग मला म्हणाली की उसवायचंच होतं तर मला विचारायचं, मी स्वतः उसवलं असतं. तू माझ्या हातचं काढलंस आणि मला सांगितलं नाहीस, आता तुझ्यासमोर सुई धरायची लाज वाटते. एवढंच बोलली. चाळीस वर्षांत तिनं मला एवढंही कधी बोललं नव्हतं.

मी तिथेच बसून माझे बारीक टाके उसवले. दोन्ही गोधड्यांवर मिळून हातभर रुंदीचे पट्टे होते ते. उसवताना कळलं, एकाच जागी तीनदा सुई गेली की जुनं लुगडं चाळणीसारखं होतं. दोन ठिकाणी विरलं, तिथे शाळेच्या पातळाचं ठिगळ दिलं. मग सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला. ती शिवत गेली, पेरापेराएवढे टाके, ओळ जाईल तशी. मी समोरून माझी बाजू धरली. त्या दिवशी हरिपाठ म्हणायचा राहिला.

ज्येष्ठात गोट लावून झाले आणि आम्ही निघालो. घाट चढून कन्नड, वेरूळ, मग पैठण, तिथून नाथांच्या पालखीमागे. आक्कानं माझ्या पदराचं टोक हाताला गुंडाळलं होतं. खड्डा आला की मी "खाली" म्हणायचे, दगड आला की "उचल". पहिल्याच मुक्कामावर वळकट्यांची अदलाबदल झाली. अंधारात तंबूत पाय पसरले तर अंगठा एका लांब टाक्यात अडकला. पलीकडून आक्का हसली. तिचाही अडकला होता. १० जुलैला आषाढी होती. कळसाचं दर्शन झालं तेव्हा तिनं विचारलं, "दिसतोय?" मी हो म्हटलं. तिनं हात जोडले, मग माझा खांदा धरून मी पाहते आहे त्या बाजूला तोंड केलं.

आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. पायी चालणं झेपत नाही, म्हणून ती भुसावळकडून येणाऱ्या आषाढीच्या गाडीत बसून पुढे येते आणि आम्ही चंद्रभागेवर भेटतो. गाडीत गर्दी फार, तिचं सामान सांभाळणार कोण? म्हणून दोन्ही वळकट्या ट्रकमधून माझ्याबरोबर येतात.

गेल्या महिन्यात एका गोधडीचा तो लांब टाका तुटला, अंगठ्यानंच. बुधवार होता. मी गोधडी घेऊन तिच्याकडे गेले. तिनं तळहात फिरवून तुटलेली जागा शोधली आणि हात पुढे केला. मी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि तिच्या बोटांत दिला.