निघणाऱ्याचे माप

नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलांना घर मिळते, पण मनाजोगते स्वयंपाकघर मिळत नाही. म्हणून समविचारी मुले एकत्र येऊन सदनिका भाड्याने घेतात. माझा पुतण्या अशाच चौघांपैकी एक. घरात कंदमूळ आणायचे नाही, हा चौघांचा नेम. करार अकरा महिन्यांचा. भाडे २८,००० रुपये आणि अनामत ८४,०००. प्रत्येकाच्या वाट्याला ७,००० आणि २१,००० रुपये.

पाचव्या महिन्यात एकाची बंगळूरला बदली झाली. त्याने आपली अनामत मागितली. तिघे म्हणाले, "मध्येच सोडून चाललास, आता अनामत विसर." पाच महिने एका पंगतीला जेवलेली मुले एकमेकांशी बोलेनाशी झाली.

"काका, कायदा कोणाच्या बाजूने?" पुतण्याने विचारले.

कायदा दोन्हीकडे पाहतो. चौघांनी संयुक्तपणे वचन दिले असेल आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ नुसार मालक सगळे भाडे कोणाही एकाकडून मागू शकतो. मात्र ज्याने ते भरले, त्याला इतरांकडून समान वाटा घेता येतो. म्हणजे घर सोडल्याने जबाबदारी सुटत नाही आणि मागे राहिल्याने दुसऱ्याच्या पैशावर हक्कही येत नाही.

पण मुलांचा पेच कायद्यापेक्षा खोल होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक हीनाधिकमानोन्मान : घेताना मोठे माप वापरायचे आणि देताना लहान. हा दोष केवळ दुकानातल्या तराजूचा नव्हे. मी पुतण्याला एवढेच विचारले, "उद्या तुझी बदली झाली, तर हाच नियम तुला मान्य होईल का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही होणार."

त्या रविवारी चौघांनी बसून हिशेब मांडला. सूचनेच्या एका महिन्याचे भाडे निघणाऱ्याने भरायचे ठरले. कंदमूळ न खाणारा चौथा मिळेपर्यंत आणखी एक महिना जागा रिकामी राहिली. ते ७,००० चौघांनी वाटून घेतले, कारण नेम चौघांचा होता, तेव्हा त्याचा भारही चौघांचाच. बेसिनला गेलेला तडा दुरुस्त करण्याचे २,००० रुपयेही तसेच वाटले. ते नव्या मुलाच्या माथी मारले नाहीत. नव्याने दिलेल्या २१,००० मधून १,७५० आणि ५०० वजा जाऊन निघणाऱ्याच्या हाती १८,७५० रुपये आले. कागदावर सर्वांनी सह्या केल्या.

कराराचेही पाहावे लागले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. म्हणून मालकाच्या संमतीने नव्या चौघांच्या नावे करार करून तो नोंदवला. असे न केल्यास गेलेल्याचे नाव अडकून राहते आणि आलेला बिननावाचा राहतो.

आपल्या घरांतून दर वर्षी कितीतरी मुले अशा सामायिक घरांत राहायला जातात. सामान बांधून देताना पालकांनी त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी : कोणी मध्येच निघाले तर काय करायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आपल्यापैकी कोण निघणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्या दिवशी ठरलेले माप सर्वांना सारखे असते.