दावोस : दोन कुटुंबांचे हिवाळे

जानेवारी महिना आला की दावोस हे नाव मराठी वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेथे जातात, गुंतवणुकीचे सामंजस्य करार होतात आणि बर्फाच्या पार्श्वभूमीवरची छायाचित्रे छापून येतात. १९७१ पासून तेथे भरत आलेल्या जागतिक आर्थिक परिषदेमुळे हे गाव अर्थविषयक पानांचे कायमचे रहिवासी झाले आहे. परंतु ऐन थंडीत हजारो पाहुण्यांना सामावून घेणारी हॉटेले या आडबाजूच्या दरीत मुळात उभी राहिली कशी, या प्रश्नाचे उत्तर व्यापारात नसून आजारात आहे.

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातील ग्राउब्युंडेन प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यापेक्षा थोडीशीच खाली तेथील दरी आहे आणि खरे पर्वत त्यापुढे सुरू होतात. १८५३ मध्ये अलेक्झांडर स्पेंग्लर नावाचा एक जर्मन राजकीय निर्वासित तेथे वैद्य म्हणून आला. दरीतील लोकांत क्षयरोग क्वचितच आढळतो, असे त्याच्या ध्यानात आले. ज्या काळात क्षय म्हणजे मृत्यूचे आवतण समजले जाई, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन रुग्ण भर बर्फात तेथे येऊन राहिले आणि त्यांच्या प्रकृतीस उतार पडला. आल्प्समध्ये उन्हाळ्यातच जायचे, हा तोवरचा शिरस्ता होता. तो येथे मोडला.

दोन वर्षांनी व्हिलेम यान होल्सबोअर हा डच गृहस्थ आपल्या आजारी पत्नीला घेऊन आला. तो आधी दर्यावर्दी आणि नंतर लंडनमधील बँकेत अधिकारी होता. पत्नी वाचली नाही. तो मात्र परतला नाही. स्पेंग्लरसोबत त्याने आरोग्यगृह उभारले आणि पुढे रेल्वेसाठी खटपट केली. १८९० मध्ये ती दावोसला पोहोचली. ज्या गावाने आपले सर्वस्व नेले, त्याच गावात आपले आयुष्य आणि पैसा गुंतविणाऱ्या या माणसाचा हिशेब नफ्यातोट्याच्या कोष्टकात बसणारा नाही.

नोव्हेंबर १८८० मध्ये असेच एक प्रवासी कुटुंब येथे उतरले. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, नुकतीच विवाहबद्ध झालेली पत्नी फॅनी, तिचा पहिल्या विवाहापासूनचा बारा वर्षांचा मुलगा लॉइड आणि एक कुत्रा, असा हा परिवार. स्टीव्हन्सन फुप्फुसांच्या विकाराने जर्जर झाला होता. रुग्णांनी भरलेले हॉटेल, चारी बाजूंनी अडवणारे डोंगर आणि ठरावीक फेरफटका यांचा त्याला उबग आला. फॅनीलाही ती उंची मानवली नाही. तरीही पुढचा हिवाळा त्यांनी येथेच काढला, या खेपेस लाकडी बंगला भाड्याने घेऊन.

त्या घरात आजार होता, तसा खेळही होता. लॉइडजवळ लहानसे खेळण्यातले छपाईयंत्र होते. त्यावर तो हॉटेलातील मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका छापून देई आणि सावत्र वडिलांच्या छोट्या कवितांच्या पुस्तिका छापून विकी. लाकडावर चित्रे कोरण्याचे काम स्टीव्हन्सन स्वतः करी. माळ्यावर दोघे शिशाच्या सैनिकांची युद्धे मांडत. ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी स्कॉटलंडमध्ये लॉइडसाठीच सुरू झाली होती आणि मध्येच अडली होती. दावोसला येताच लेखणी पुन्हा चालू लागली आणि रोज एक प्रकरण याप्रमाणे ती पूर्ण झाली. बाहेर पावले टाकणे कठीण असताना, घरात समुद्र आणि जहाजे अवतरत होती.

स्टीव्हन्सनला येथील करमणुकींत सर्वांत आवडली ती घसरगाडी. रात्रीच्या वेळी एकट्याने गाडी डोंगरावर ओढत न्यायची आणि ताऱ्यांच्या प्रकाशात खाली झेपावत यायचे, यातील आनंदावर त्याने लेख लिहिला. पायाला बांधायच्या स्कीच्या फळ्या मात्र तेव्हा दावोसकरांच्या परिचयाच्या नव्हत्या.

तो अध्याय दुसऱ्या कुटुंबाच्या हिवाळ्यात येतो. १८९३ च्या शरदात आर्थर कॉनन डॉयल यांची पत्नी लुईझा हिला क्षय झाल्याचे निदान झाले. डॉयल स्वतः डॉक्टर होते. निदानाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तिच्या हाती काही महिनेच उरले आहेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. दोन मुले अजून लहान होती. डॉयल यांनी इंग्लंडमधील घराची आवराआवर केली आणि पत्नीला दावोसला आणले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेरलॉक होम्सच्या मृत्यूची कथा प्रसिद्ध झाली आणि वाचक शोक करू लागले. कल्पित माणसासाठी बाहेर हळहळ चाललेली असताना त्याचा निर्माता बर्फाळ दरीत पत्नीचा ताप मोजत होता.

मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार, एवढेच उपचार तेव्हा उपलब्ध होते. रुग्णाला पडून राहावे लागे आणि सोबत्याला वाट पाहावी लागे. डॉयल लेखन करीत, आणि उरलेल्या वेळात स्की शिकत. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले होते. त्याच्या वृत्तान्ताने त्यांना भुरळ घातली होती. दावोसमध्ये टोबियास व योहान हे ब्रांगर बंधू आधीपासूनच या फळ्यांवर सराव करीत होते. गावकऱ्यांची थट्टा टाळण्यासाठी ते अंधार पडल्यावर बाहेर पडत, असे सांगितले जाते. १८९३ मध्ये सुमारे २,४४० मीटर उंचीची माएनफेल्डर फुर्गा ही खिंड ओलांडून ते शेजारच्या आरोसा गावी गेले होते. आल्प्समध्ये स्की डॉयल यांनी आणले, ही लोकप्रिय समजूत म्हणूनच अर्धसत्य आहे. वाट या दोघा भावांनी काढली होती.

मार्च १८९४ मध्ये त्यांनी डॉयल यांना सोबत घेतले. पहाटे चारच्या सुमारास निघालेले तिघे दुपारपूर्वी आरोसाला पोहोचले. एका अतितीव्र उतारावर फळ्या एकत्र बांधून त्यांची घसरगाडी करावी लागली. डॉयल यांच्या फळ्या हातातून निसटून खाली गेल्या आणि उरलेला उतार त्यांनी बसूनच पार केला. हे कापड कधी झिजणार नाही, असे त्यांच्या शिंप्याने सांगितले होते. त्या दाव्याची परीक्षा त्या दिवशी झाली आणि शिंपी हरला. आरोसाच्या हॉटेलातील नोंदवहीत टोबियासने डॉयल यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘खेळाडू’ असे लिहिले. हा सारा वृत्तान्त डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आला. एक दिवस शेकडो इंग्रज स्कीच्या हंगामासाठी स्वित्झर्लंडला येतील, हे त्यांचे त्यातील भाकीत अपुरे ठरले. आज शेकड्यांनी नव्हे, लाखांनी लोक येतात.

पुढे काळ पालटला. १९३२ पर्यंत पार्सेन डोंगरावरील दोरवाहिनी रेल्वे वाइसफ्लूयोखपर्यंत पोहोचली. २४ डिसेंबर १९३४ रोजी बोल्गेन येथील उतारावर, स्की करणाऱ्यांना आडव्या दांड्याच्या आधाराने वर ओढून नेणारी यांत्रिक सोय सुरू झाली. या पद्धतीची ती पहिलीच होय. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयावर खरे औषध मिळाले. आरोग्यगृहे ओस पडू लागली व हळूहळू त्यांची हॉटेले झाली. शात्झाल्पवरील १९०० सालचे भव्य आरोग्यगृह आज हॉटेल आहे. रुग्ण जेथे पांघरुणे लपेटून ऊन घेत, तेथे सहलीला आलेली कुटुंबे आता चहा घेतात.

झुरिकहून लांडक्वार्टमार्गे लाल रंगाची रेल्वे या गावी पोहोचविते. हिवाळ्यात तेथे पाऊल ठेवणाऱ्या कुटुंबाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, प्रशिक्षकाशिवाय उतारावर जाऊ नये आणि आखलेली वाट सोडू नये. वाइसफ्लूयोख येथे १९३६ पासून हिमाची नियमित मोजदाद होते व येथील संस्था हिमस्खलनाच्या धोक्याची सूचना देते. ती सूचना वाचल्यावाचून बाहेर पडू नये. दुसरी, आल्प्समधील बर्फ आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. अनेक उतारांवर यंत्राने बर्फ पसरावा लागतो. ज्या थंडीच्या आधारावर हे गाव उभे आहे, ती थंडीच उणावत चालली आहे.

स्टीव्हन्सन १८९४ च्या डिसेंबरात दूर सामोआ बेटावर, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निवर्तला. लुईझा डॉयल मात्र काही महिन्यांच्या मुदतीवर आलेली असूनही १९०६ च्या जुलैपर्यंत जगली. त्या तेरा वर्षांचे श्रेय हवेला किती, सेवेला किती आणि दैवाला किती, याची वाटणी कोणी करू शकणार नाही. एवढे निश्चित की १८९३ मध्ये ज्या मुलांच्या डोक्यावरचे छत्र हरपण्याची वेळ आली होती, ती मुले आईच्या डोळ्यांदेखत मोठी झाली.