गावाची गोष्ट कोण लिहिणार?

मुलांनो, कारेगावाहून पुण्याच्या एस.टी.त बसलात, की रांजणगावचा गणपती, शिक्रापूर, कोरेगाव भीमा मागं पडतं आणि पुढं लोणीकंद येतं. पुढच्या वेळी खिडकीतून हे गाव नीट बघा बरं का! इथल्या साध्यासुध्या माणसांची दोनशे वर्षांपूर्वीची हकिकत लिहून ठेवलेली आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरानं या लोणीची माहिती मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढं मांडली. लढाया आणि राजे नव्हेत हं! घरं कशी, भांडी कोणती, कुणबी काय खातो, काय नेसतो, बलुतेदारांचं काम काय, लग्नाला खर्च किती, सावकाराचं देणं किती, हे सारं त्यात आहे.

ही सोसायटी १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापन केली. ते स्कॉटलंडचे. त्यांच्या देशात असं काम आधीच झालं होतं. १७९० मध्ये जॉन सिंक्लेअर यांनी गावोगावच्या धर्मगुरूंना दीडशेहून जास्त प्रश्न पाठवले. शेती कशी? मजुरी किती? शाळेत मुलं किती? उत्तरांचे तब्बल २१ खंड झाले! लोक फार चहा प्यायला लागले, अशी कुरकुरही त्यात सापडते. पुढं १८३४ ते १८४५ मध्ये पुन्हा तशीच माहिती छापली. दोन्ही शेजारी ठेवा, की माणसांचं जगणं कसं बदललं ते दिसतं.

आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनीही तेच केलं. कोट्सनंतर सव्वाशे वर्षांनी लोणीकंदचा पुन्हा अभ्यास झाला. त्यांचं पुस्तक १९६० मध्ये निघालं.

आणि आपलं कारेगाव? शेजारी रांजणगावची एमआयडीसी आली. ज्वारी-बाजरीच्या रानांजवळ कारखाने उभे राहिले. दूरदूरचे लोक भाड्याच्या खोल्यांत राहायला आले. एवढा बदल एकाच पिढीनं पाहिला! तो लिहायला आता कुणी कोट्स येणार नाही.

तेव्हा या सुट्टीत वही घ्या. आजीला विचारा, तुझ्या लग्नात जेवायला काय होतं? पाणी कुठून आणायचीस? आजोबांना विचारा, पहिला पगार किंवा पहिली पट्टी किती रुपयांची? शेजारच्या खोलीतल्या काकूंनाही विचारा, त्यांचं गाव कोणतं, ते का सोडलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली तारीख घाला.

आजी-आजोबा सांगायला आहेत, तोवरच हे काम होईल. मग कधी बसताय लिहायला?