पुसलेल्या फितींच्या गावी

लंडनला जाऊन काय काय पाहिले, असे विचारायला जी मंडळी येतात, ती काही उत्तर ऐकायला आलेली नसतात. त्यांच्याजवळ एक यादी असते आणि तिच्यावर खुणा करायच्या असतात. राजवाडा? पाहिला. टॉवर? पाहिला. मेणाचे पुतळे? पाहिले, आणि तिकिटाचे पैसे रुपयांत मोजल्यावर त्या पुतळ्यांइतकाच मीही स्तब्ध झालो. तेव्हा यादीतल्या लंडनविषयी लिहिण्याचा माझा विचार नाही. मला सांगायचे आहे ते लंडन कोणत्याही नकाशावर नाही, कारण त्यातले बरेचसे पुसून टाकलेले आहे.

२०२४ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे, हॅरोला, माझा तीन आठवडे मुक्काम होता. वाटाड्या म्हणून तिने आपला चौदा वर्षांचा चिरंजीव माझ्या हवाली केला, की मला त्याच्या हवाली केले, हे शेवटपर्यंत नीटसे ठरले नाही. पहिल्याच सकाळी त्याने जाहीर केले, "मामा, राजवाडा कुठे पळून जात नाही. आधी आपण जे नाहीसं झालंय ते बघून येऊ."

हे 'नाहीसे झालेले' म्हणजे 'डॉक्टर हू' या मालिकेचे जुने भाग. इंग्लंडात ही मालिका म्हणजे घरातलेच माणूस. नायक परग्रहावरचा, निळ्या रंगाच्या पोलिसी टेलिफोन-खोक्यात बसून तो काळाच्या मागेपुढे हिंडतो. खोके बाहेरून कपाटाएवढे आणि आतून वाड्याएवढे. नट थकला की नायक देह बदलतो आणि नवा नट येतो. पुनर्जन्म आपल्याला नवा नाही. पण मधले बाळपण अजिबात गाळून, अंगावरच्या कपड्यांनिशी एकदम चाळिशीत जन्म घेण्याची सोय आपल्या पुराणांनाही सुचलेली नाही.

बेकर स्ट्रीटला गाडी बदलून आम्ही वुड लेनला उतरलो. समोरच बीबीसीचे टेलिव्हिजन सेंटर. १९६० साली उघडलेली ही इमारत वरून पाहिली तर प्रश्नचिन्हासारखी दिसते. गोलाकार पोट आणि मागे लांब शेपूट. २०१३ मध्ये बीबीसीने ती सोडली. आम्ही गेलो तेव्हा तिथे राहती घरे होती, खाणावळी होत्या, आणि मधल्या अंगणात सूर्यदेवाचा सोनेरी पुतळा तेवढा जुन्या काळचा पहारेकरी म्हणून उंच उभा होता. तिथून दक्षिणेकडे चालत गेले, की शेपर्ड्स बुशच्या बाजाराजवळ लाइम ग्रोव्ह नावाची गल्ली लागते. मालिकेचे अगदी पहिले भाग इथल्या जुन्या, अडचणीच्या स्टुडिओत झाले. स्टुडिओ १९९१ मध्ये बंद झाला, मग पाडला. आता तिथे घरे आहेत. एका खिडकीत कुंड्या होत्या आणि एका दारात लहान मुलाची तीनचाकी. भाचा त्या तीनचाकीकडे अशा भक्तीने पाहत उभा राहिला, की आतून एक बाई डोकावल्या आणि मी त्याला घाईने पुढे काढले.

पहिला भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. केनेडींच्या खुनाचा तो दुसरा दिवस. लोकांचे लक्ष अर्थातच दुसरीकडे. म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट आणि पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन, दोघेही तिशीच्या आतली. हा हुसेन जन्माने लखनौचा, लेखिका अतिया होसेन यांचा मुलगा. कुब्लाई खानाच्या दरबाराची सात भागांची मार्को पोलोची कथाही बहुतेक त्यानेच बसवली. ते सातही भाग गेले. आजवरच्या कोणत्याही मोठ्या शोधात त्यांचा पत्ता लागल्याचे मी ऐकलेले नाही.

गेले म्हणजे कसे गेले? आग नाही, पूर नाही, परचक्र नाही. चांगल्या शहाण्या माणसांनी, हिशेबाच्या वह्या पुढे ठेवून, विचारपूर्वक पुसले. दोन इंच रुंदीची ती फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. नटांशी झालेले करार असे, की तोच खेळ फार वेळा दाखवण्याची सोय नव्हती. घरोघरी कॅसेट आणून नाटक पाहता येईल ही कल्पना तेव्हा कोणाला असणार? त्यातून १९६९ च्या अखेरीस रंग आले आणि काळ्यापांढऱ्या चित्रांची किंमत रद्दीइतकी झाली. पाटी पुसून दुसरे गणित मांडावे तशा फिती पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटर फिल्मच्या प्रती तेवढ्या राहिल्या होत्या. विक्रीचे हक्क संपले तशा त्याही नष्ट होऊ लागल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला. पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक तोवर बीबीसीजवळ उरले नव्हते.

पुढची गोष्ट मात्र मोठी रंगतदार आहे, आणि ती समजायला दिवाळी अंकाच्या वाचकाइतका लायक दुसरा कोणी नाही. आमच्या लहानपणी चाळीत एक दिवाळी अंक विकत घेतला जाई आणि वीस बिऱ्हाडे तो वाचत. मालकाकडे तो परत येई असा कोणाचाच अनुभव नाही. तो शेवटच्या बिऱ्हाडाच्या माळ्यावर सापडे. या फिल्मच्या प्रतींचेही तेच झाले. एका देशाने दाखवून झाल्या, की त्याने त्या पुढच्या देशाला धाडायच्या, नाहीतर परत करायच्या, नाहीतर नष्ट करून तसे कळवायचे. अशा त्या फिरत राहिल्या. 'टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. १९९२ मध्ये त्यांची कॅसेट निघाली आणि विक्रीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. दोन भाग १९८३ मध्ये लंडनमध्येच, मॉर्मन पंथाच्या एका चर्चमध्ये मिळाले! तिथे ते कसे गेले, हे देवालाच ठाऊक, आणि जागा तर त्याचीच.

सर्वांत मोठे घबाड नायजेरियात. फिलिप मॉरिस नावाचा एक खटपट्या माणूस जुन्या फिती शोधत आफ्रिकेतली दूरदर्शन केंद्रे पालथी घालत होता. जॉस या गावच्या प्रक्षेपण केंद्रात, धूळ खात पडलेल्या रिळांत त्याला दोन कथा मिळाल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये ही बातमी फुटली, तेव्हा नऊ हरवलेले भाग एकदम घरी आले आणि हरवलेल्यांचा आकडा ९७ वर उतरला. साहेबाने घरच्या प्रती जाळल्या आणि वसाहतींच्या माळ्यावर त्या राहिल्या, याचा आनंद मी चेहऱ्यावर न दाखवता उपभोगला.

ऑस्ट्रेलियाची गंमत तर आणखी वेगळी. तिथल्या सेन्सॉरने मुले घाबरतील म्हणून काही प्रसंग कापले होते. मूळ भाग नष्ट झाले. पण कापलेले तुकडे सरकारी शिस्तीने दप्तरी लावून ठेवलेले होते, ते १९९६ मध्ये सापडले. म्हणजे काही कथांचे बाकी सगळे गेले आणि जे कोणी पाहू नये म्हणून कापले, तेवढेच आज पाहायला मिळते! तसेच १९६६ मधल्या पहिल्या देहबदलाचे. तो भाग गेला; परंतु १९७३ मध्ये 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात त्यातला नेमका शेवटचा प्रसंग दाखवला होता, म्हणून तेवढे क्षण वाचले.

आवाज मात्र सगळ्याच भागांचे आहेत. हे काम केले ते घराघरांतल्या पोरांनी. टेलिव्हिजनपुढे टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन धरायचा आणि घरातल्या सर्वांना पंचवीस मिनिटे दम देऊन गप्प बसवायचे. इंद्रायणीत बुडालेली गाथा लोकांच्या तोंडी तरली, असे वर्गात सांगताना मी दरवर्षी थोडा गहिवरतो. हॅरोच्या दिवाणखान्यात बसून तो आवाज ऐकताना तसेच काहीसे झाले. आणि जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ होते. चालू कार्यक्रमाचे पडद्यावरून फोटो काढायचे आणि नटांना, दिग्दर्शकांना विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. एका भागाचे साधारण साठेक फोटो. आज कित्येक भागांचे दर्शन होते ते एवढेच.

सापडलेली फिल्म पाहण्याजोगी करणे हे आणखी निराळे काम, आणि इथे मराठीच्या प्राध्यापकाला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ही चक्क पाठचिकित्सा! एका प्रतीतले चित्र चांगले, दुसरीतला आवाज स्वच्छ, तिसरीत गळलेली ओळ. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पुढे घेऊन जे केले, त्याच जातीचा हा उद्योग. एक उदाहरण सांगतो. सत्तरीतल्या काही भागांच्या रंगीत फिती पुसल्या गेल्या आणि काळ्यापांढऱ्या फिल्म उरल्या. ती नक्कल करताना रंगाचा संदेश गाळून टाकायला हवा होता; पुष्कळदा तो गाळलाच गेला नाही. त्यामुळे चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली. वर्षानुवर्षे लोक तिला दोष समजत होते. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की रंग कुठे गेलेलाच नाही, तो या ठिपक्यांत लपून बसला आहे! संगणकाने ठिपके वाचून रंग परत मिळवला. 'द माइंड ऑफ ईव्हिल' या सहा भागांच्या कथेचे पाच भाग असे रंगीत झाले. पहिल्यात ठिपके पुरेसे नव्हते, तो हाताने रंगवला. २०१३ मध्ये त्याची तबकडी निघाली. त्याआधी, १९९२ मध्ये, 'द डीमन्स' या कथेला अमेरिकेतल्या एका घरगुती कॅसेटवरून रंग उसना घेतला होता. चित्र लंडनचे, रंग अमेरिकेचा.

चित्राची हालचालही सुधारावी लागते. मूळ फीत सेकंदाला पन्नास वेळा चित्र नवे करी. फिल्मवर उतरताना ती पंचवीसच राहिली, आणि समोर घडणारे नाटक जुन्या सिनेमासारखे दिसू लागले. मधली पंचवीस हिशेबाने पुन्हा भरतात. हे मला पटते, कारण मूळ तसेच होते. काही तबकड्यांवर जुन्या पुठ्ठ्याच्या यानांऐवजी नवी चकचकीत याने दाखवण्याचीही सोय आहे. ते मात्र मला रुचले नाही. नाथांनी ग्रंथात स्वतःची ओवी घुसवणाऱ्याला बजावून ठेवले आहे. तरी हे लोक प्रामाणिक. जुने पाहायचे की नवे, हे बटण पाहणाऱ्याच्या हाती ठेवतात.

नायजेरियातल्या दोन कथांपैकी 'द वेब ऑफ फिअर' ही लंडनच्या भुयारी रेल्वेत घडते. हिमालयातले यती बोगद्यांत शिरतात आणि शहर ओस पडते. सैन्याचा तळ असतो गूज स्ट्रीटला. भाच्याने मला तिथेही नेले. महायुद्धातला खोल निवारा खरोखरच तिथे आहे. चेनीज स्ट्रीटवर त्याचे गोल तोंड दिसते आणि त्यावर आयसेनहॉवरचे नाव आहे. तिथून आम्ही कॉव्हेंट गार्डनपर्यंत चालत गेलो. यती आणि सैनिकांची लढाई इथल्या गल्ल्यांत चित्रित झाली, तेव्हा ही भाजीची मंडई होती; १९७४ मध्ये ती हलवली. आता तिथे अत्तरे आणि चॉकलेटे मिळतात. यतींपेक्षा त्या हललेल्या मंडईसाठीच तो भाग पुन्हा पाहावा असे मला, पुणेकराला, वाटले.

त्या रात्री बहिणीच्या शेजारचे गृहस्थ आम्हांला तो दाखवायला आले. साठी उलटलेले, पोस्टातून निवृत्त, आणि भिडस्त. १९६८ च्या फेब्रुवारीत ते आठ वर्षांचे होते; सोफ्यामागे लपून ही कथा त्यांनी वडिलांबरोबर पाहिली होती. त्यातला एक प्रसंग त्यांना पक्का आठवतो. रिकाम्या फलाटावर, बाकावर एक टोपी पडलेली आहे. दिवा विझतो. लागतो. टोपी नाही. वडील त्या वेळी काही बोलले नाहीत, नुसता हात मागे करून सोफ्याच्या पाठीवर ठेवला. वडील पुढच्याच वर्षी वारले. हा प्रसंग त्यांनी मुलांना सांगितला, नातवंडांना सांगितला, आणि २०१३ ची बातमी आली तेव्हा रात्रभर जागून सापडलेले भाग पाहिले. टोपी त्यांत नव्हती.

सहा भागांपैकी तिसरा तेवढा मिळालेला नाही. भाच्याने त्याची २०२१ मध्ये निघालेली चित्रमालिका लावली. शेजाऱ्यांनी विनयाने ती बंद करायला लावून जुने फोटो आणि आवाज लावला. आम्ही तिघे अंधारात पाहत बसलो. एकेक स्थिर चित्र येई आणि मागून बुटांचे, दारांचे, माणसांचे आवाज. टोपी दिसली नाही.

"आवाजातही नाही," भाचा हळूच म्हणाला.

"टोपीला आवाज नसतो," गृहस्थ म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी हिशेब मांडला: भाग पंचवीस मिनिटांचा, फोटो साठेक, म्हणजे दोन फोटोंमध्ये जवळपास पंचवीस सेकंद. "तेवढ्या वेळात," ते मला म्हणाले, "दिवा सहज विझून लागतो."

बहिणीने चहा आणला. भाच्याने तबकडी पहिल्या फोटोपासून पुन्हा लावली.