डब्यावरची चिठ्ठी

दिवाळीच्या फराळाच्या एका डब्यावर आई दरवर्षी चिठ्ठी डकवीत असे : 'भाऊबीजेसाठी. आधी उघडू नये.' कुणासाठी काय नि किती केले, हे तिच्या वहीत असेच. मग चिठ्ठीचा खटाटोप कशाला, म्हणून मी हसत असे.

पुढे मी संगणकाचे प्रोग्राम लिहू लागलो. पगाराच्या प्रोग्राममधल्या एका चमत्कारिक ओळीचे कारण मी अहवालात सविस्तर लिहिले. अहवाल कपाटात गेला. दोन वर्षांनी ती ओळ निरुपयोगी समजून एका शहाण्याने पुसली, आणि ऐन धनत्रयोदशीला कामगारांचा बोनस अडला. तो शहाणा मीच!

मोठमोठ्यांचेही असेच होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटला. एक आकडा ठरलेल्या १६ बिटांत मावला नाही. त्या आकड्याला संरक्षण का दिले नव्हते, याचे कारण प्रोग्राममध्ये कोठेच नव्हते. कागदांच्या ढिगात ते झाकले गेले, असे चौकशी मंडळाला आढळले.

सारी हकीकत वहीत हवीच. पण 'उघडू नये' हे डब्यावरच हवे.

आई आता नाही. यंदा चिठ्ठी मी डकवली.